शेवटी ढग येतो

मे १९९३ मध्ये मस्कतचा मामा सुट्टीवर चिपळूणला आला. त्याच्या बॅगेतून दरवर्षीसारखे साबण, खजूर आणि टँगचा डबा निघाला, आणि अगदी तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं एक राखाडी यंत्र. गेमबॉय, हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. त्याच्या साहेबाच्या मुलाने वापरून सोडलेला. सोबत एकच कॅसेट होती आणि तिच्यावरचं लेबल कुणीतरी नखाने खरवडून काढलेलं होतं. दादा तेव्हा तेरा वर्षांचा, मी दहाची. कॅसेट आत सारून बटण सरकवलं तेव्हा इंग्रजीत नाव आलं आणि दादाने ते मोठ्याने वाचलं, ‘सुपर मारिओ लँड’.

त्या दिवसापासून वर्षभर आमच्या घरात एकच कायदा होता. एक लाइफ तुझी, एक माझी. खेळातला नायक मारिओ मेला की यंत्र ताबडतोब दुसऱ्याच्या हातात द्यायचं. हा कायदा दोघांनीही इमानाने पाळला. भांडणं व्हायची ती सेलवरून. गेमबॉयला चार पेन्सिल सेल लागतात आणि आईच्या लेखी पेन्सिल सेल ही चैनीची वस्तू होती. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो, दातांनी चावायचो. एकदा तीन बरे सेल होते आणि चौथा नव्हता, तेव्हा दादाने खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. घड्याळ पावणेसातला थांबलं आणि बाबांची गुहागरची एसटी चुकली. त्या संध्याकाळी जे झालं ते झालं, पण त्याआधी आम्ही तिसऱ्या जगापर्यंत पोचलो होतो.

खेळात चार जगं आहेत आणि प्रत्येक जगात तीन लेव्हल. एकूण बारा. एवढाच तो खेळ. आज कुणी नेटाने खेळलं, कुठे अडकलं नाही, तर पाऊण तासाच्या आत संपतो. पण त्यात कुठेही सेव्ह करायची सोय नाही. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं गेलं, पुन्हा १-१ पासून, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या लेव्हलपासून. सेल संपले, आईने हाक मारली, पाहुणे आले, की १-१. त्यामुळे पहिली लेव्हल आम्ही हजारो वेळा खेळलो असू आणि चौथ्या जगाचं तोंड जेमतेम पाचसहा वेळा पाहिलं असेल. मी स्वतः ४-२ च्या पुढे कधीच गेले नाही.

१९९४ च्या मे महिन्यात मी आठ दिवस आत्याकडे गेले होते. परत आले तर दादा पायरीवर बसून माझी वाट बघत होता. म्हणाला, “मी संपवला.”

मी विचारलं, “शेवटी कोण येतो?”

“विमान मिळतं. आणि शेवटी ढग येतो. ढगाला मारावं लागतं. त्याच्यानंतर तो खरा राक्षस. मग राजकन्या आणि मारिओ रॉकेटमधून जातात.”

ढग! मला हसू आवरेना. इतक्या मारामाऱ्यांनंतर शेवटी ढग? मी म्हटलं, दाखव. तो दाखवू शकत नव्हता. यंत्र बंद केल्याबरोबर त्याचा सगळा पराक्रम पुसला गेला होता आणि त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला खोटारडा म्हटलं. चिडवून म्हटलं, पुढचे कितीतरी दिवस म्हटलं, आते-मामेभावंडांसमोर म्हटलं. त्याने एकदाही पुन्हा समजावून सांगितलं नाही. जूनमध्ये त्याची शाळा सुरू झाली, दहावी जवळ येत होती, आणि एक दिवस गेमबॉय पत्र्याच्या ट्रंकेत गेला. ट्रंक माळ्यावर गेली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. ज्यांनी तो चिपळूणचा पूर पाहिला त्यांना मी काय सांगणार! खालचं सगळं गेलं. कपाटं, गाद्या, फ्रिज, बाबांची पुस्तकं, लग्नातले अल्बम. माळ्यावरचं तेवढं राहिलं. चिखल काढायला आम्ही दोघंही पोचलो होतो. ट्रंक खाली उतरवताना दादा म्हणाला, “ही तू ने पुण्याला, इथे आता काही ठेवायला नको.” ट्रंक माझ्याकडे आली आणि पुढची काही वर्षं आमच्या बाल्कनीतल्या कपाटात पडून राहिली. मला ती उघडवत नव्हती.

यंदाच्या मे महिन्यात उघडली.

गेमबॉय होता. राखाडी रंग पिवळट पडलेला, पण कुठे तडा नाही. मागचं सेलचं झाकण काढलं आणि पोटात गोळा आला. सेल आतच राहिले होते. १९९४ चे. दोन सेल फुटून त्यांचा पांढरा-हिरवा थर स्प्रिंगांवर आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर चढला होता, तुरटीच्या खड्यासारखा. सेल काढताना एका स्प्रिंगचा शेंडा तुटून हातात आला.

त्या रात्री मी बरंच वाचलं. बहुतेक जण सांगतात की गळलेल्या सेलचा थर व्हिनेगरने साफ करा. पण ते अल्कलाइन सेलसाठी. त्यांच्यातून झिरपतं ते क्षारधर्मी असतं, म्हणून आम्लाने मरतं. आपल्याकडे त्या काळी मिळायचे ते साधे झिंक-कार्बनचे सेल, त्यांच्यातून झिरपणारं आम्लधर्मी. त्याला खायचा सोडा लागतो. दोन चमचे सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप केला, लेकीचा जुना टूथब्रश घेतला आणि एकेक पट्टी घासत बसले. लेप लावल्यावर बारीक फेस येतो, तो थांबला की पुसायचं आणि पुन्हा लावायचं. सहा-सात वेळा केल्यावर खालचा धातू दिसायला लागला. मग पॉलिश पेपरचा बोटाएवढा तुकडा, अगदी हलक्या हाताने, कारण वरचा मुलामा गेला तर गंज पुन्हा धरतो. तुटलेल्या स्प्रिंगच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या फॉइलची घडी ठेवली. हा उपाय कुठे वाचलेला नव्हता. घड्याळातल्या सैल सेलला बाबा असंच करायचे.

कॅसेटची पाळी दुसऱ्या दिवशी. लहानपणी खेळ सुरू झाला नाही की आम्ही कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारायचो. सगळ्या जगातली मुलं हेच करत होती, हे मोठेपणी कळलं. त्या फुंकरीने काही साध्य होत नाही, उलट तोंडातली वाफ धातूच्या टोकांना लागून ती काळी पडतात. खरं म्हणजे कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळेच ती चालायची. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, छोटी बाटली आणली. दुकानदाराने विचारलं, मोबाइल रिपेअरिंगचं काम करता का ताई? मी गेमबॉय म्हटल्यावर त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि इअरबड आपल्याकडचे दिले, म्हणाला साध्या कापसाचे धागे आत अडकतात. कॅसेटच्या तोंडात बड फिरवला तेव्हा तो काळाकुट्ट बाहेर आला. सातवा बड पांढरा निघाला.

नवे चार सेल घातले आणि बटण सरकवलं. लाल दिवा लागला! पडद्यावर वरून खाली एक काळी पट्टी सरकत आली, मध्ये थांबली आणि सगळं तिथेच गोठलं.

ही पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मला ते फार आवडलं. गेमबॉय सुरू झाला की कंपनीचं नाव वरून खाली येतं आणि ‘टिंग’ असा आवाज होतो. ते नाव यंत्र कॅसेटमधून वाचतं आणि आपल्या पोटात साठवलेल्या नावाशी ताडून बघतं. जुळलं तरच पुढे जायचं. कॅसेटची टोकं नीट टेकली नाहीत तर नावाच्या जागी काळी पट्टी येते किंवा कचरा दिसतो, आणि यंत्र अडून बसतं. म्हणजे त्या पट्टीचा अर्थ यंत्र जिवंत आहे, फक्त कॅसेटशी त्याची ओळख पटलेली नाही. पुन्हा काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. अर्धं नाव आलं. पुन्हा. पाचव्यांदा ते अख्खं नाव सरकत खाली आलं आणि टिंग झालं.

एकतीस वर्षांनी तो आवाज आला आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले.

पडदा बघायला मात्र उजेड लागतो. त्याला मागून दिवा नाही. हिरवट-पिवळ्या काचेवर चार छटा, आडवे १६० ठिपके आणि उभे १४४, एवढंच त्याचं जग. संध्याकाळी चार ते साडेपाच आमच्या बाल्कनीत तिरपं ऊन येतं. त्या दीड तासात मी रोज खेळायला बसू लागले. डाव्या बाजूची चकती फिरवून रंग गडद-फिका करायचा, यंत्र जरासं कलतं धरायचं की सावली पडत नाही. हे सगळं हाताने आपोआप केलं.

आणि १-१. मला काही आठवत नव्हतं. कुठे काय आहे, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण सूर सुरू झाला आणि अंगठे निघाले. दोन पावलं, उडी, तो चालणारा छोटा चिबिबो पायाखाली, मग ठोकळा डोक्याने, मशरूम, थांब, आता मागे. कासवाच्या डोक्यावर उडी मारली की लगेच बाजूला व्हायचं, कारण या खेळातलं कासव बॉम्ब आहे. पाठ राहते, क्षणभर थांबते आणि फुटते. माझं शरीर बाजूला झालं, त्यानंतर मला आठवलं का ते. आजीला शेवटच्या दिवसांत आमची नावं आठवत नव्हती, पण कुणी ‘सुखकर्ता’ सुरू केलं की ती शेवटपर्यंत एक शब्द न चुकता म्हणायची. हात तसे चालत होते.

लेक बाजूला येऊन बसली. विचारलं, “आई, हे सेव्ह कुठे होतं?” होत नाही म्हटल्यावर तिने विचारलं की मग मध्येच थांबायचं असेल तर काय करायचं. मी म्हटलं, थांबायचं नाही. ती पुढे काही बोलली नाही, पण तिच्या आठवीच्या अभ्यासाला उशीर होईपर्यंत बघत राहिली.

आमच्यासाठी हाच मारिओ होता. नंतर शेजाऱ्यांकडे टीव्हीला जोडायचा गेम आला, त्यातला मारिओ पाहिला तेव्हा मला तोच चुकीचा वाटला. त्याच्या कासवाला लाथ मारता येत होती, ते फुटत नव्हतं. त्याच्या हातातून निघणारा आगीचा गोळा जमिनीवर टप्पे खात सरळ जात होता. आमच्या मारिओला फूल मिळालं की एक छोटा चेंडू मिळतो. तो तिरपा जातो, भिंतीला, छताला, जमिनीला आपटून परत येतो, आणि वाटेतली नाणीही गोळा करून आणतो. एक चेंडू पडद्यावर फिरत असेल तोवर दुसरा सोडता येत नाही, म्हणून नेम धरताना कॅरमसारखा विचार करावा लागतो. बंद खोलीत ओळीने नाणी असली की एकाच चेंडूत ती सगळी खेचून आणायची, हे दादाचं कौशल्य. मला ते अजूनही तितकं साधत नाही.

या फरकाचं कारण आहे. हा खेळ मूळ मारिओच्या कर्त्याने, शिगेरू मियामोतोने, केलेला नाही. निन्तेंदो या जपानी कंपनीत गुनपेई योकोई यांचा वेगळा विभाग होता, गेमबॉय त्यांनीच घडवला, आणि २१ एप्रिल १९८९ ला जपानात गेमबॉयसोबतच हा खेळही आला. निर्माते योकोई, दिग्दर्शक सातोरू ओकादा, संगीत हिरोकाझू तानाका यांचं. योकोईंचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. जे तंत्रज्ञान मुरलेलं आहे, स्वस्त झालंय, त्याच्याकडे वेगळ्या दिशेने बघायचं. म्हणूनच रंगीत पडदा शक्य असतानाही त्यांनी साधा पडदा घेतला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचं रंगीत यंत्र आलं, त्याला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. चिपळुणात ते यंत्र एका संध्याकाळपुरतं चाललं असतं. आमच्या घरातलं हे वर्षभर चाललं ते योकोईंच्या त्या निर्णयामुळे. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणते.

अख्खा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसतो. आज मोबाइलवर आलेला एखादा ‘सुप्रभात’चा फोटो त्याहून मोठा असतो. तेवढ्यात चार जगं, त्यांचे राक्षस, आणि तानाकांचे ते सूर. आवाजाला चारच वाटा होत्या, आणि तरी १-१ ची चाल अशी आहे की पोळ्या लाटताना मी ती गुणगुणते हे लेकीने मला दाखवून दिलं. तारा मिळाल्यावर काही सेकंद मारिओला कुणी मारू शकत नाही, तेव्हा एकदम वेगळीच धावती चाल वाजते. ती आमच्या बालपणी आम्हाला ‘ताऱ्याचं गाणं’ म्हणून ठाऊक होती. खूप नंतर कळलं की ती ऑफनबाखची, १८५८ सालची, नाचाची चाल आहे.

पहिलं जग इजिप्तसारखं, पिरॅमिडचं. त्याच्या शेवटी सिंहासारखा राजा आग ओकतो. त्याला मारायची गरजच नाही, त्याच्यावरून उडी मारून पलीकडची कळ दाबली की झालं. मग दार उघडतं आणि समोर राजकन्या डेझी उभी. लहानपणी पहिल्यांदा इथे पोचले तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. मारिओ तिच्याजवळ जातो आणि तिचं रूप बदलतं, ती राक्षस होऊन पळते! पहिल्या तिन्ही जगांच्या शेवटी हेच. आजी तेव्हा रात्री रामायण सांगायची. कांचनमृगाची गोष्ट आली तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्या गेममध्ये आहे हे. आजीला वाटलं शाळेतल्या पुस्तकात आहे.

दुसरं जग पाण्याचं. त्याच्या तिसऱ्या लेव्हलला मारिओ पाणबुडीत बसतो आणि पडदा आपोआप पुढे सरकत राहतो, थांबता येत नाही. ती लेव्हल मी दुसऱ्या दिवशी पार केली. तिसऱ्या जगाला मात्र आठवडा गेला. ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे इथे पाय फुटून धावतात, काही पंख फुटून उडतात, वरून गडगडत धोंडे येतात. त्या धोंड्यांवर उभं राहता येतं, हे मी पार विसरले होते. तीन संध्याकाळी मी त्यांना चुकवत होते आणि मरत होते. चौथ्या दिवशी चुकून एका धोंड्यावर पडले, आणि तो मला घेऊन पुढे निघाला. त्या क्षणी दादाचा आवाज कानात आला, “उडी मारू नको, बस त्याच्यावर!” तो असा ओरडायचा ते मला आठवलं. बाल्कनीत बसून मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं.

एक सांगायला हवं. मधल्या काळात हा खेळ कसा संपतो हे शोधणं काही अवघड नव्हतं. संगणकावर खेळता आला असता, कुणी खेळतानाचा व्हिडिओ दहा मिनिटांत बघता आला असता. मी बघितलं नाही. आळसाने नव्हे. बघितलं असतं तर दादाचं खरं की खोटं हे दुसऱ्या कुणाच्या हातून कळलं असतं.

चौथं जग चिनी धर्तीचं, बांबूंचं. इथे हात पुढे धरून टुणटुण उड्या मारणारी चिनी भुतं आहेत, त्यांच्या लोककथांतली. त्यांच्यावर उडी मारली की ती आडवी होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उठून उभी राहतात. आमच्याकडे पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलीला ही उठणारी भुतं फार खरी वाटायची. ४-२ मध्ये अरुंद जागेत ती दोन-दोन येतात. एकाला पाडलं, दुसऱ्याला पाडलं, तोवर पहिलं उठलं. मी इथेच अडकायचे. आताही अडकले, चार दिवस. मग लक्षात आलं की त्यांना पाडायच्या फंदातच पडायचं नाही, ती हवेत असताना खालून निघून जायचं. त्यांच्या उडीला लय आहे. एक, दोन, आणि तिसऱ्याला खाली रस्ता मोकळा. मोजत गेले आणि पार झाले.

४-३ सुरू झाली. मारिओ विमानात बसला होता.

हात थंड पडले. विमान आहे. दादा म्हणाला होता विमान मिळतं. पडदा सरकत होता, मी गोळ्या झाडत होते, ठोकळ्यांच्या भिंतींत फट शोधत होते, दोन लाइफ तिथेच गेल्या. शेवटच्या लाइफवर मी त्या लेव्हलच्या टोकाला पोचले, पडदा थांबला, आणि उजवीकडून तो आला.

ढग.

गुबगुबीत, वर-खाली होणारा, पोटातून पक्षी सोडणारा ढग. मी गोळ्या झाडायचं विसरले. विमानाला काहीतरी लागलं आणि गेम ओव्हर झालं. ऊन उतरलं होतं, पडदा दिसेनासा झाला होता. मी फोन घेतला.

दादा नाशिकला असतो. त्या वेळी तो कंपनीतून घरी येत असतो, गाडीत. मी म्हटलं, “दादा, ढग आहे.”

“कसला ढग?”

“गेममध्ये. शेवटी. ढग येतो.”

बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत होता. त्याने गाडी बाजूला घेतली असावी.

“मग,” तो म्हणाला. “सांगितलं होतं ना तुला.”

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात. तो म्हणाला सोड गं, लहान होतीस. पुढे म्हणाला, “पण मला वाईट वाटलं होतं हां तेव्हा. मी तुझी आठ दिवस वाट बघितली होती सांगायला.” मग लगेच विचारलं, “ढगाला किती गोळ्या मारल्यास? भरपूर लागतात. त्याच्या समोर राहायचं आणि झाडत राहायचं, तो जवळ आला की सरकायचं.” एकतीस वर्षं हे सगळं त्याच्याकडे होतं.

ऑगस्टमध्ये तो दोन दिवस आला. जेवणं झाली, चार वाजले, आणि आम्ही दोघं बाल्कनीत जमिनीवर बसलो. खुर्च्या होत्या, पण कुणी घेतल्या नाहीत. एक लाइफ तुझी, एक माझी. त्याचा चष्मा जवळचं बघायला नाकावर खाली सरकलेला, माझा डोक्यावर. पहिलं जग त्याने एका लाइफमध्ये पार केलं. चेंडूने नाणी काढायची ती खोली आली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता एक चेंडू सोडला आणि सगळी नाणी आली. धोंड्यावर मी ओरडले, बस त्याच्यावर. भुतांच्या ठिकाणी मी मोजून दाखवलं, एक, दोन, हं. त्याला ते माहीत नव्हतं, तो त्या वर्षी कसाबसा नशिबाने गेला होता म्हणाला.

विमानात पाळी माझी होती. ढगापाशी पोचेपर्यंत मेले नाही. कायद्याप्रमाणे यंत्र माझ्याकडेच राहायला हवं होतं. मी त्याच्याकडे धरलं. तो नको म्हणाला. “तू मार. मी मारलाय एकदा.”

मारला. ढगामागून तातांगा आला, परग्रहावरचा, आपल्या यंत्रात बसून, आणि त्यालाही वेळ लागला, कारण माझे अंगठे आता कापत होते. तो फुटला. मारिओ चालत गेला, समोर डेझी उभी होती. दोघंही श्वास धरून होतो, की ही पण पळते की काय. नाही पळाली. दोघं रॉकेटमध्ये चढले आणि रॉकेट उडालं, आणि त्याखालून खेळ करणाऱ्यांची नावं सरकत गेली. योकोई, ओकादा, तानाका. दादा एकेक नाव वाचत होता, पहिल्या दिवशी वाचलं होतं तसंच, मोठ्याने.

लाल दिवा तोवर मंद झाला होता. सेल उतरायला लागले की तो असा मिणमिणतो. मी बटणाकडे हात नेला तर दादाने धरला. “बंद नको करू. आता पुन्हा सुरू केलं की दुसरी फेरी असते. शत्रू जास्त असतात. बंद केलं तर जाईल ती.”

“ही तू खेळला होतास?”

“थोडी. सेल संपले.”

लेक घरातून टीव्हीचा रिमोट आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली. मी तिला घड्याळाचं कधी सांगितलं होतं आठवत नाही. दादाने स्टार्ट दाबलं. १-१ ची चाल सुरू झाली, अंगठे आपोआप निघाले, दोन पावलं, उडी, आणि तिथे, जिथे कधीच कुणी नसायचं, एकजण उभा होता. मारिओ गेला.

“तुझी,” म्हणून त्याने यंत्र माझ्या हातात दिलं.